आमसुलाचा रंग उतरताना

एक आमसूल घ्या. यंदाचं असेल तर उत्तम. मागच्या सालचं एखादं डब्याच्या तळाशी उरलं असेल तर तेही काढून बाजूला ठेवा, त्याचं काम पुढे आहे. जोडीला काचेचा पेला, साधं पाणी आणि खिडकीशी बसायला जागा. पेला काचेचाच हवा. ज्या आमसुलाने घरातली समई लख्ख होते, ते पितळेच्या पेल्यात गप्प बसणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे.

पाण्यात इतक्यात टाकू नका. तळहातावर ठेवा आणि ते जिथून आलं ती जागा आधी मनात उभी करा.

मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवली तालुक्यात तळेरे आहे. नाक्यावरून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि निघतात. तुम्ही निघू नका. महामार्ग सोडून आत, एखाद्या वाडीत चला. मे महिन्याचा शेवट आहे असं धरू. दुपार कलली आहे, हवा चिकट झाली आहे, समुद्राच्या बाजूला ढग साठू लागलेत. घरोघरच्या खळ्यात काही ना काही वाळतंय: आंब्याची साठं, मिरच्या, फणसाची पोळी आणि लाल सोलं.

मागच्या बाजूला रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड असेल. त्याच्या खाली जाऊन उभे राहा. खोड सरळ, फांद्या आडव्या निघून टोकाशी खाली झुकलेल्या, जुनी पानं गर्द हिरवी आणि नवी पालवी तांबूस. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतलं हे मूळचं झाड. गोव्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि त्याच्याही खाली ते असंच व्हाळाच्या काठाला, परसात, देवराईत भेटतं. त्याची मुद्दाम बाग फार कुणी केली नाही. बी रुजवली तर त्यातली कितीतरी झाडं नर निघतात आणि हे कळेपर्यंत सात-आठ वर्षं जातात, एवढा धीर कुणाला? आता मादी झाडाची कलमं मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी जुन्या परसातलं झाड बहुधा पणज्याने लावलेलं असतं, नाहीतर वांदरांनी.

आता हातातल्या आमसुलाकडे या.

उजेडाकडे धरा. जाड भागात ते जवळजवळ काळं दिसतं. कड जिथे पातळ झाली आहे तिथे लाल, खोल, थोडं जांभळ्याकडे झुकणारं. घड्यांमध्ये मिठाचे बारीक कण चिकटलेत. बोटांना ते कोरडं लागत नाही, किंचित चिकट लागतं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. वास घ्या. आंबट तर आहेच, त्यामागे फळाचा एक गोडसरपणा आहे. तोंडाला आत्ताच पाणी सुटलं असेल. सुटू द्या, गिळा, थांबा.

ही फळाची नुसती साल आहे. रातांबा लिंबाएवढा असतो. दाबून फोडला की आत पांढरट गर आणि त्यात गुंडाळलेल्या पाच ते आठ बिया. बिया आणि गर मीठ घालून टोपात ठेवले की रस सुटतो. साली उन्हात पसरायच्या, मग त्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात. असं आठवडाभर चालतं. रसाचं एकेक पूट बसत साल जाड आणि काळपट होत जाते. अर्धवट वाळलेलं सोल कुणी चाखायला उचललं की खळ्यातली काकी ओरडते, ‘‘हात लाव नको, अजून दोन पुटां रवली आसत.’’ तिचं लक्ष तुमच्याकडे कमी आणि ढगांकडे जास्त असतं. एक सर चुकीच्या दिवशी आली की सोलांना बुरशी येते आणि सगळा खटाटोप वाया जातो. रातांबा पिकतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. पाऊस लवकर आला तर झाडाखाली सडा पडून कुजतो, आणि तो वेचायला वेळही नसतो, कारण घरातले सगळे तोवर शेताच्या तयारीला लागलेले असतात.

या वाळवण्याकडे जरा नीट बघा. ऊन, उष्णता आणि वारा, तिन्ही या लाल रंगाचे वैरी आहेत. सोल टिकवायचं तर पाणी काढायलाच हवं, आणि पाणी काढायला हेच तिघे लागतात. म्हणजे दिवसभर ऊन थोडा रंग नेतं आणि पूट तो भरून देतं. खळ्यातल्या बायकांनी कुठल्या प्रयोगशाळेला विचारून ही रीत बसवली नाही. टिकेल तेवढं कोरडं आणि उरेल तेवढं लाल, यांच्यामधला बिंदू त्यांनी बोटांनी शोधला.

आमसूल आता पाण्यात सोडा. ढवळू नका.

सुरुवातीला काही होत नाही. मग त्याच्या कडेवरचं मीठ विरघळतं, ते खारट पाणी जड होऊन खाली घसरतं आणि जाताना रंग ओढून नेतं. लाल धागे निघतात. वळत, पसरत ते तळाशी पोचतात आणि तिथे एक लाल थर जमू लागतो. वरचं पाणी अजून नितळ आहे. याच्याकडे बघत बसण्यात वेळ गेला तर जाऊ द्या.

पाण्यात उतरतोय तो रंग अँथोसायनिनांचा. कोकमात मुख्य दोन: सायनिडिन-3-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-3-सॅम्ब्युबायोसाइड. नावं दचकवणारी आहेत, रचना समजायला सोपी आहे. मध्ये सायनिडिन नावाचा रंगकण, आणि त्याला पाण्यात विरघळता यावं म्हणून एका बाजूला जोडलेली साखर. पहिल्यात साधं ग्लुकोज, दुसऱ्यात ग्लुकोजला झायलोज जोडून झालेली दुहेरी साखर. यातला पहिला तुतीतही असतो, काळ्या तांदळातही. झाडाच्या तांबूस पालवीत, पिकल्या फळात, जिथे जिथे झाडं लाल-जांभळी होतात तिथे बहुतेक वेळा याच घराण्यातलं कुणीतरी असतं.

हा रंग आंबटपणावर उभा आहे. खात्री करायची तर तळचं चमचाभर लाल पाणी बशीत घ्या आणि त्यात साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाका. लाल गेला, जांभळा आला, मग निळसर, मग कसलासा मळकट हिरवा. सोलकढी सदऱ्यावर सांडलेल्या प्रत्येकाने साबण लावल्यावर हे पाहिलेलं असतं. रसायनशास्त्राचा हा धडा कोकणात धुण्याच्या दगडावर फुकट मिळतो. बशी बाजूला ठेवा, ते पाणी पिऊ नका.

आता पाठ सरळ करा आणि सावकाश श्वास घ्या. पेल्याकडे बघत घ्या.

आत गेलेल्या हवेचा साधारण पाचवा भाग ऑक्सिजन आहे. त्यातला रक्तात शिरलेला वाटा शरीरातल्या कोट्यवधी पेशींपर्यंत जाईल, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन स्वीकारेल आणि त्याचं पाणी होईल. जगणं चालतं ते या देवघेवीवर. यातला थोडा ऑक्सिजन मात्र वाटेत अर्धवट इलेक्ट्रॉन घेऊन निसटतो. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला असतो, आणि या एकट्याला जोडी हवी असते. ती तो जवळच्या रेणूकडून ओढून घेतो. मग तो रेणू एकटा पडतो आणि शेजाऱ्याकडून ओढतो. डब्यातले शेंगदाणे खवट होतात ते अशाच साखळीने, तेलाच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे.

श्वास सोडा. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागून सुमारे 2.4 अब्ज वर्षं झाली. तेव्हापासून प्रत्येक सजीवाला त्याच्यावर जगायचं आणि त्याच्यापासून सांभाळायचं, अशी दोन्ही कामं आहेत. झाडाला तर जास्तच, कारण ते स्वतः दिवसभर उन्हात बसून ऑक्सिजन तयार करतं.

पुन्हा एक श्वास. आता सायनिडिनच्या त्या रंगकणाच्या एका कडेला मनाने जा. तिथे सहा कार्बनांचं एक कडं आहे आणि त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनाच्या दोन जोड्या अगदी शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. एकटा, भुकेला इलेक्ट्रॉन घेऊन कुणी आलं की यातली एक जोडी आपला हायड्रोजन, त्यातल्या इलेक्ट्रॉनसकट, देऊन टाकते. आलेला शांत होतो. देणाराही एकटा पडतो, पण त्याचं एकटेपण त्या कड्यावर पसरून जातं, शेजारची जोडी त्याला सावरते, आणि तो पुढे कुणावर तुटून पडत नाही. साखळी तिथे थांबते. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते एवढंच. मात्र हे करताना त्या रेणूचं स्वतःचं रूप जातं. दुसऱ्याच्या आधी तो स्वतः गंजतो, आणि तेच त्याचं काम आहे.

इथे थोडं रेंगाळू या. औषधी फळाचा गुण आपण पैशासारखा समजतो: फळात इतका आहे, खाल्लं की आपल्याकडे आला. हा गुण तसा साठत नाही. तो खर्च होतानाच असतो. तुमच्या पेल्यातला रंग या क्षणीही हवेशी व्यवहार करतो आहे, खिडकीतल्या उजेडाने थोडा थोडा मरतो आहे.

प्रयोगशाळेत ही ताकद मोजतात तीही रंग घालवूनच. डीपीपीएच नावाचा एक गडद जांभळा द्राव असतो. त्यातल्या प्रत्येक रेणूकडे एकटा इलेक्ट्रॉन आहे. फळाचा अर्क टाकला की जांभळा फिका होत पिवळा पडतो, आणि किती लवकर, किती पडला यावरून आकडा निघतो. कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉल या द्रव्याची अशी परीक्षा जपानी संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केली, आणि त्यात ते चांगलं उतरलं.

गार्सिनॉल तुमच्या पेल्यात जवळजवळ नाही. ते रंगाने पिवळं, तेलात विरघळणारं, पाण्याला दाद न देणारं. त्याचा रेणू मोठा, 38 कार्बनांचा, आणि रचनेने सायनिडिनशी काही नातं नाही. पण त्याच्याही एका टोकाला तेच कडं आहे, आणि त्यावर तशाच शेजारी शेजारी बसलेल्या दोन जोड्या. एकाच सालीत झाडाने एक पाण्यातला आणि एक तेलातला असे दोन राखणदार केले आणि दोघांच्या हातात हत्यार एकच दिलं. मला कोकमाच्या सगळ्या रसायनशास्त्रात ही गोष्ट सर्वांत देखणी वाटते. पाण्यात कालवलेल्या आगळात, म्हणजे मीठ घातलेल्या रसात, गार्सिनॉल उतरणं अवघड. सोलकढीतल्या नारळाच्या दुधात स्निग्धता असते, तिथे त्याला वाट मिळत असणार, असा माझा अंदाज आहे. सोलकढी करणाऱ्यांच्या डोक्यात अर्थात हे नसतं. त्यांना मासळीच्या जेवणानंतर पोट निवायला हवं असतं.

पाणी एकदा ढवळा आणि एक घोट घ्या. गिळू नका लगेच. जिभेच्या कडांना लागतो तो आंबटपणा हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा. लिंबातल्या सायट्रिक आम्लाहून याच्यात ऑक्सिजनचा एक अणू जास्त. हे आम्ल कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेतून लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 साली ओळखलं. पुढे कळलं की शरीरात साखरेची चरबी करणाऱ्या एका विकराला ते अडवतं. झालं, वजन कमी करायच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. 1998 साली अमेरिकेत 135 लठ्ठ माणसांवर बारा आठवड्यांची नीट चाचणी झाली, आणि या गोळ्या घेणारे आणि नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणारे यांच्यात वजनाचा काही म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमटीतल्या दोन आमसुलांवर त्याचा ठपका नको. अर्क आटवून गोळीत कोंबणं हा वेगळा उद्योग आहे.

घोट गिळा. आता तो तुमच्या हातून गेला.

त्यातला लाल रंग जठरात बराचसा टिकेल, कारण तिथे आंबट आहे. पुढे आतड्यात गेल्यावर विस्कटेल. अँथोसायनिनांचा फार थोडा भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो. बाकीचा आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती पडतो आणि ते त्याची दुसरीच लहान द्रव्यं करतात. बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंटनी समृद्ध’ असं छापलेलं असतं तेव्हा काचेच्या नळीतला आकडा सांगितलेला असतो, तुमच्या रक्तातला नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा आकड्यांची एक मोठी यादी ठेवली होती, ती 2012 साली मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून प्रकृतीबद्दल काही सांगता येत नाही आणि विकणारे नेमकं तेच सांगत होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट वर्षानुवर्षं दिलं. 1994 साली निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्यात वाढलेला दिसला. शरीराला स्वतःचे राखणदार आहेत, आणि ते भुकेले एकटे रेणूही सगळे शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. बाहेरून भर टाकली की भलंच होईल, हा हिशेब इतका सरळ नाही. शिवाय कोकम सरबताच्या बाटलीत साखर किती आहे हेही कुणीतरी विचारायला हवं. लाल रंगाचं कौतुक करत पेला रिता होतो, आणि मधुमेह्याला नडते ती साखर.

मग वैद्यांचं काय? चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा आंबट फळांत वृक्षाम्ल येतं, आणि वृक्षाम्ल म्हणजे कोकम असं वैद्य धरतात. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि प्यायचंही, हे घरोघरी चालतं. या अनुभवाला रेणूंची नावं चिकटवून तो मोठा होत नाही, आणि रेणूंना चरकाचा शिक्का लागत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहू द्यावीत. पित्ताची खाज थांबल्यावर माणूस जो सुस्कारा सोडतो त्याला कुठल्याही नळीतला आकडा जोडायची मला तरी गरज वाटत नाही.

बाजूला ठेवलेलं जुनं आमसूल आता घ्या. ते नव्याशेजारी धरा. कड पातळ आहे तिथूनसुद्धा उजेड लाल येत नाही, तपकिरी येतो. वास बोथट झालाय. मीठ आणि आंबटपणा मात्र बरेचसे शाबूत आहेत. वर्षभरात डबा कितीदा उघडला गेला, प्रत्येक वेळी थोडी हवा आत गेली, रंगकण तिच्याशी भिडले, एकमेकांत गुंतले, काळवंडले. घरात अशाला कुणी टाकाऊ म्हणत नाही, आमटीला वापरतात. सरबताला मात्र घेत नाहीत, कारण पाहुण्यापुढे तपकिरी पाणी कसं ठेवायचं? दोन्ही तळहातांवर दोन्ही आमसुलं काही वेळ धरून बसा. आकड्यांच्या भाषेत जुन्याची अँटिऑक्सिडंट शक्ती कमी भरेल. ती गेली कुठे, याचं उत्तर त्याच्या काळेपणात तुमच्यासमोर आहे. म्हणून चिनीमातीची बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट. खर्च थांबत नाही, लांबतो.

बियांचं सांगायचं राहिलं. रस निथळल्यावर त्या धुऊन वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळून वर येणारं तेल काढून घेतात. थंड झालं की ते पांढरट, घट्ट होतं. त्याचे गोळे वळतात. मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं भरपूर. स्टिअरिकच्या साखळीत दुहेरी बंध एकही नाही, ओलेइकच्या साखळीत एकच, आणि ऑक्सिजनला धरायला लागतात ते दुहेरी बंधच. त्यामुळे हे तेल सहजी खवट होत नाही. म्हणजे सालीत झाडाने राखणदार ठेवले, आणि बीमध्ये चोराला धरायला जागाच ठेवली नाही. चाळीस अंशांच्या आसपास ते वितळतं, कोकोच्या लोण्याशी त्याची घडण जुळते, आणि युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये घालायला ज्या सहा वनस्पतिजन्य चरब्यांना परवानगी दिली आहे त्यात कोकम आहे. तळेऱ्याच्या आसपासच्या जुन्या घरांतला त्याचा उपयोग ठरलेला: टाचांच्या भेगा. त्वचेच्या उबेने ते पुरतं वितळत नाही, म्हणून गोळा आधी दिव्यावर धरायचा.